व्हिक्टोरियापुढचे दोन शब्द

व्हिक्टोरिया, लाबुआन
११ मार्च १९३५

मानाचे पाक चिक यूनुस यांना सलाम.

आपली माझी ओळख नाही. पण वडिलांच्या वयाच्या परक्या माणसाला नुसत्या नावाने लिहायला हात धजत नाही, म्हणून पाक चिक म्हटले आहे. राग मानू नये.

माझे नाव दायांग सल्बिया. माझे पती अवांग मेतुसिन गेल्या वर्षी रमजानची ईद झाल्यावर आठव्या दिवशी जहाजावर काम शोधायला सिंगापूरला गेले. त्याला चौदा महिने झाले. त्यांची एक ओळ आलेली नाही. गेल्या महिन्यात इथे आलेल्या एका बोटीच्या स्वयंपाक्याने सांगितले, की मशिदीच्या फाटकाजवळ यूनुस नावाचे गृहस्थ खलाशांची पत्रे लिहून देतात, त्यांच्या टेबलापुढे मेतुसिनना त्याने बसलेले पाहिले. कधी, ते त्याला आठवत नव्हते. मी दोनदा विचारले.

मेतुसिनना कुराण वाचता येते, लिहिता येत नाही. मला वडिलांनी घरीच शिकवले. ते धक्क्यावर कारकून होते. अरबी अक्षरे त्यांनी पाटीवर गिरवून घेतली आणि इंग्रजी अक्षरे धक्क्यावरच्या फलकावरून. त्या फलकावर आमच्या गावाचे नाव आहे, म्हणून मी वाचलेला पहिला इंग्रजी शब्द व्हिक्टोरिया. वडील म्हणायचे, बाई कधीच वारली, पण तिच्या गावात राहतेस तर नाव नीट लिहायला शीक.

आता ज्यासाठी लिहीत आहे ते. निकाहाच्या वेळी मेतुसिननी काझींसमोर सगळेच म्हणतात ती अट म्हटली होती: जमिनीवरून गेलो तर सहा महिने, समुद्रावरून गेलो तर एक वर्ष, एवढ्या काळात निरोप किंवा खर्ची पाठवली नाही आणि बायकोने तक्रार केली, तर तिच्यावर एक तलाक. म्हणताना 'समुद्र' या शब्दाला त्यांना ठसका लागला आणि बायका हसल्या. वर्ष उलटून गेले आहे. माझा थोरला भाऊ दामित म्हणतो, 'त्याला समुद्राने नाही, कुठल्यातरी बाईच्या दाराच्या पडद्याने गिळलंय.' सागोच्या पिठाच्या गिरणीतले मुकादम हाजी तमीन विधुर आहेत. त्यांच्याकडून माझ्यासाठी विचारणाही झाली आहे. मी तक्रार केली तर मला शपथेवर सांगावे लागेल, की पतीकडून माझ्याकडे काहीही आले नाही.

आले नाही हे खरे आहे. पण त्यांनी पाठवलेच नाही, हे मला माहीत नाही. या दोन्हींत फरक आहे असे मला वाटते. दामितला वाटत नाही.

मेतुसिन तुमच्याकडे आले होते का? त्यांनी काय लिहवले? माझा पत्ता घातलेले पाकीट सोबत ठेवले आहे, म्हणजे तुम्हाला तसदी नको.

आपली,
सल्बिया


सिंगापूर, मशिदीचं फाटक
२७ मार्च १९३५

दायांग सल्बिया, तुलाही सलाम.

पाक चिक म्हटलंस ते बरं केलंस. इथे मला लोक 'ए दौत' अशी हाक मारतात.

सव्वीस वर्षं मी या बदामाच्या झाडाखाली टेबल मांडून बसतो. दिवसाला दहा-पंधरा खलाशी येतात. सगळ्यांची पत्रं सारखीच. मी बरा आहे, तू बरी आहेस ना, छपराचं बघ, धाकट्याला अंगठा चोखू देऊ नकोस. लिहिताना मला चेहरे आठवत नाहीत. पण तुझा नवरा आठवतो. उंच, मान वाकवून बोलणारा, डाव्या भुवईत कापल्याची खूण. बरोबर ना? त्याला इथलं जेवण गोड लागत नव्हतं. 'यांना आंबुयात माहीत नाही,' म्हणायचा. सागोचा गरम चिकट गोळा बांबूच्या दोन काड्यांवर कसा गुंडाळायचा ते हात फिरवून दाखवायला गेला आणि माझी दौत आडवी केली.

तो तीनदा आला. तीन पत्रं तुझ्यासाठी लिहिली गेली. मग तो रंगूनहून तांदूळ नेणाऱ्या बोटीवर भट्टीपाशी लागला. बोट येईल तेव्हा तो येईल. दोन वर्षांच्या करारावर अंगठा दिलाय, म्हणून मध्येच घरी येता येत नाही.

पत्ता त्याने सांगितला तो मी लिहिला. पण टपालाचं काही खरं नसतं, पोरी. ही राणी आयुष्यात कधी आपल्या बाजूला फिरकली नाही, आणि नाव मात्र जिथे तिथे ठेवून गेली. माझ्या टेबलामागचा रस्ता व्हिक्टोरिया. घड्याळाच्या मनोऱ्याचं सभागृह व्हिक्टोरिया. हाँगकाँगचा खलाशी घर कुठे म्हणून सांगतो तर व्हिक्टोरिया. ब्रह्मदेशाच्या अगदी टोकाला, सयामच्या समोर, मोती काढणाऱ्यांचं एक गाव आहे, तेही व्हिक्टोरियाच. परवा एका बोटीवरच्या मांजरीचं नाव विचारलं, तर काय सांगितलं असेल? टपालातल्या माणसाने तरी कुठे कुठे बघावं.

दामितला म्हणावं, घाई नको. मी चौकशी करतो आहे. तू काझींकडे इतक्यात जाऊ नकोस.

यूनुस


व्हिक्टोरिया, लाबुआन
१० एप्रिल १९३५

पाक चिक,

तीन पत्रे लिहिली गेली हे वाचून मी भिंतीला टेकून खाली बसले. आईला वाटले, कोणी गेले. भुवईतली खूण बरोबर आहे. ती आमच्याच होडीच्या वल्ह्याची आहे.

तुम्ही रागावाल, पण मला एक विचारायचे आहे. तुम्ही लिहिता, पत्ता त्याने सांगितला तो मी लिहिला. त्यांनी नेमके काय सांगितले आणि तुम्ही नेमके काय लिहिले? एकेक शब्द कळवा. कारण मेतुसिन 'लाबुआन' म्हणणार नाहीत. इथे ते कोणीच म्हणत नाही. आम्ही मासळी घेऊन बाजाराला निघालो तरी व्हिक्टोरियाला चाललो म्हणतो. तुमचे पत्र येईपर्यंत हे नाव फक्त आमचेच आहे असे मी समजत होते. वडिलांनाही ते माहीत नसावे, नाहीतर त्यांनी सांगितले असते.

तुमचे पत्र मी दामितला वाचून दाखवले. तो म्हणाला, 'लिहिणारा लिहिलंच म्हणणार. दाखव ना पत्र.' मग मी काझींच्या घरी जाऊन त्यांना विचारले. ते म्हणाले, 'न पोचलेलं पत्र मी कसं मानू? पण पत्र कुठे गेलं हे लिहिणाऱ्याने स्वतःच्या सहीने कळवलं, तर मी मुदत देईन. तेवढं आण.'

दामितने माझ्या नावाने तक्रार घातली आहे. तारीख सहा मेची होती, पण त्या दिवशी राजाच्या कारकिर्दीची पंचवीस वर्षे साजरी करायची आहेत, सगळी कचेरी बंद. म्हणून बुधवार, आठ मे. उत्सवामुळे आपल्याला दोन दिवस जास्त मिळाले आहेत. सिंगापूरहून बोटीला इथे यायला चार दिवस लागतात. तेवढे धरून कळवा.

सल्बिया


सिंगापूर
२ मे १९३५

सल्बिया,

तीन आठवडे मी तुला उत्तर दिलं नाही. लिहायला बसायचो आणि गिऱ्हाईक आलं की बरं वाटायचं.

तू विचारलंस तसं एकेक शब्द सांगतो. तुझा नवरा समोर बसला. त्याने पत्र सांगितलं, मी लिहिलं. मग मी विचारलं, 'पाठवायचं कुठे?' तो म्हणाला, 'व्हिक्टोरियाला. आमची व्हिक्टोरिया...' आणि पुढे काहीतरी सांगायला लागला. मी म्हणालो, 'ठाऊक आहे.'

मला ठाऊक होतं ते गाव ब्रह्मदेशातलं. तिथले मलय खलाशी, मोत्यांसाठी बुड्या मारणारे, त्यांच्या बायकांना मी वर्षानुवर्षं पत्रं लिहीत आलो आहे. माझ्या टेबलावर व्हिक्टोरिया म्हणजे तीच. मी पाकिटावर इंग्रजीत व्हिक्टोरिया लिहिलं आणि पुढे आपल्या मनाने दोन शब्द घातले: पॉइंट, बर्मा. हात दुसरं काही लिहायला शिकलेलाच नव्हता.

तुझा नवरा पाकिटाकडे बघत होता. त्याला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, पण लांबी कळत होती. 'हे पुढे एवढं काय लिहिलंत?' असं त्याने विचारलं. मी म्हणालो, 'टपालाचं असतं.' तिन्ही वेळा तसंच पाकीट, तेच शब्द. सागो खाणारा माणूस ब्रह्मदेशाचा कसा असेल हा विचार दौत पुसताना तरी माझ्या डोक्यात यायला हवा होता.

तुझं पहिलं पत्र आलं, तू घातलेलं पाकीट बघितलं, त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. तरी मी तुला राणीच्या, मांजरीच्या गोष्टी सांगितल्या. सव्वीस वर्षांत माझा पत्ता कधी चुकला नाही असं मी फाटकापाशी सगळ्यांना सांगत असतो. ते मला तुझ्यापेक्षा मोठं वाटलं.

मी त्या गावच्या टपाल कचेरीला मार्चमध्येच लिहिलं. उत्तर आलंय: तीन पत्रं कोणी घ्यायला आलं नाही म्हणून ठेवलेली आहेत, पाठवतो. ती यायला महिना लागेल. म्हणून काझींसाठी वेगळा कागद सोबत जोडला आहे. त्यात हे सगळं लिहून खाली माझी सही, आणि मशिदीच्या दोन माणसांच्या साक्षी घेतल्या आहेत. तार करणार होतो. पण पाच शब्दांत हे कसं सांगायचं, आणि ते तार कचेरीतल्या पोरांनी वाचायचं, या लाजेने पाय उचलला नाही.

उद्या शुक्रवारी बोट सुटते. मंगळवारी, सात तारखेला तुझ्या हातात पडेल. एक दिवस हाताशी राहतो. कागद काझींच्या हातात दे. मला वाटेल ते बोल, पण नंतर.

यूनुस


व्हिक्टोरिया, लाबुआन
२२ मे १९३५

मानाचे पाक चिक यूनुस यांना,

तुमचा कागद उशिरा पोचला. बोट दोन दिवस लांबली, ती नऊ तारखेला आली. आठ तारखेला काझींसमोर काम झाले. मी शपथ घेतली. एक तलाक पडला.

इद्दतीचे, म्हणजे तलाकानंतर दुसरा निकाह करण्याआधी थांबायचे, शंभर दिवस धरले तर सोळा ऑगस्टपर्यंत होतात. तोवर मेतुसिननी दोन साक्षीदारांसमोर 'मी तिला परत घेतली' एवढे म्हटले, तरी सगळे पहिल्यासारखे होते, असे काझींनी समजावून सांगितले. त्यासाठी त्यांनी इथे येण्याचीही गरज नाही. म्हणून ते जिथे असतील तिथे त्यांना कळवावे. कसे कळवायचे ते तुम्ही जाणता.

तुम्ही कबूल केलेत. मी तुम्हाला काही बोलणार नाही.

उत्सवाच्या पताका अजून धक्क्यावर लटकत आहेत. पावसाने त्यांचा रंग फलकावर उतरला आहे. नाव वाचता येते.

सल्बिया


सिंगापूर
१९ जून १९३५

सल्बिया,

तीन पत्रं आली. तुझ्या नावाने, माझ्याच अक्षरात, वर ब्रह्मदेशाचे शिक्के. कोणीतरी कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलंय, 'या नावाची बाई इथे नाही.' मी ती उघडली नाहीत. त्यांत काय आहे ते मला माहीत आहे, मीच लिहिलंय, पण ती आता तुझी आहेत. नव्या पाकिटात घालून पाठवतो आहे. पाकिटावरचा पत्ता मी लिहिला, मग मशिदीतल्या इमामांना वाचायला दिला, मग टपालातल्या माणसाला मोठ्याने वाचायला लावला. तो म्हणाला, 'काका, मला वाचता येतं.' मी म्हणालो, मलाही येत होतं.

मेतुसिनची बोट कलकत्त्याला दुरुस्तीसाठी गोदीत गेली आहे असं कळलं. बोटीच्या दलालाकडे मी चार वेळा जाऊन आलो. त्याच्या हाती चिठ्ठी दिली आहे. पोचली की नाही ते सांगायला कोणी नाही. दुसरी चिठ्ठी त्याच बाजूला जाणाऱ्या एका सुकाणूवाल्याच्या टोपीत शिवून दिली आहे. बोट इथे परत कधी येईल? दलाल म्हणतो जुलै. मग म्हणतो ऑगस्ट.

आणखी एक. माझ्या धंद्यात बोटींच्या येण्याजाण्याचं पान रोज वाचावं लागतं. तीन मेला, शुक्रवारी सुटलेली बोट लाबुआनला मंगळवारी, सात तारखेलाच पोचली होती. वेळेवर.

मी काही विचारत नाही. मी काय विचारणार?

यूनुस


व्हिक्टोरिया, लाबुआन
९ जुलै १९३५

पाक चिक,

तिन्ही पत्रे वाचली. आधी तारखा लावल्या, मग क्रमाने वाचली.

पहिल्यात त्यांनी लिहवले आहे, की व्हिक्टोरिया रस्त्यामागच्या गल्लीत एक खोली बघून ठेवली आहे, वरच्या मजल्यावर, खिडकीतून नळ दिसतो. 'तुला नवा पत्ता शिकायला नको. व्हिक्टोरियाहून नीघ, व्हिक्टोरियाला उतर.' हे त्यांना फार विनोदी वाटले असणार. त्यांचा हसण्याचा आवाज तुमच्या अक्षरांतूनही येतो. दुसऱ्यात ते विचारतात, मी आजारी आहे का. तिसऱ्यात म्हणतात, 'तू माझ्यावर रागावली असशील तर तेवढं एका शब्दात कळव. न कळवणं तुझ्या स्वभावात नाही, म्हणून मला भीती वाटते.' खोली सोडून दिल्याचे शेवटी एका ओळीत आहे.

तुम्ही विचारले नाहीत, म्हणूनच मला सांगितले पाहिजे. बोट सात तारखेलाच आली. तुमचे पत्र मला त्याच दिवशी दुपारी मिळाले. आई अंगणात चटई विणत होती. हाजी तमीनच्या घरी द्यायची चटई, कडेला लाल पट्टी. मी घराच्या मागे जाऊन पत्र वाचले, आणि तुमचा सहीचा कागदही वाचला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सोळा महिने मी रागावर उभी होते. विहिरीवर बायका गप्प झाल्या की रागाने घागर उचलायची, दामितने टोमणा मारला की रागाने भात वाढायचा. तुमच्या कागदाने तो राग काढून घेतला, आणि खाली काही आहे की नाही ते मला दिसेना. परत मुदत, परत वाट पाहणे, परत धक्क्यावर जाऊन उभे राहणे. मला ते नको होते. हे लिहायला मला इतके दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी तुमचा कागद माझ्या साराँगच्या ओच्यात होता. काझींनी विचारले, 'तो लिहिणारा काही कळवणार होता. काही आलंय का?' दामितच म्हणाला, 'नाही आलं.' मी गप्प राहिले. मग त्यांनी मला शपथ दिली. मी म्हणाले, 'त्यांच्याकडून माझ्याकडे काही आलेलं नाही.' एकेक शब्द निवडून म्हणाले. खोटा एकही नव्हता. वडिलांनी मला शब्द नीट निवडायला शिकवले ते यासाठी शिकवले नव्हते.

दोन आठवड्यांनी तुम्हाला नऊ तारखेचे खोटे लिहिले. ते मात्र सरळ खोटे आहे.

तुम्ही दोन शब्द जास्त लिहिलेत. मी एक कागद कमी दिला. तुम्हाला ठाऊक नव्हते. मला होते.

आता माझी विनंती. मेतुसिन मुदतीच्या आत आले तर त्यांना आधी हे सांगा. सगळे, कागद ओच्यात होता तेही. ते ऐकूनही त्यांना 'परत घेतली' म्हणायचे असेल तर म्हणू देत. न सांगता म्हणून घेऊ नका. तशी परत गेले तर त्या घरात मला बसायला जागा सापडणार नाही.

दिवस मोजते आहे. आज बासष्ट झाले.

सल्बिया


सिंगापूर
४ सप्टेंबर १९३५

सल्बिया,

तो सोमवारी, दोन तारखेला आला.

माझ्या दोन्ही चिठ्ठ्या त्याला मिळाल्या नव्हत्या. मशिदीच्या पायरीवर चपला काढत होता. मला बघून नेहमीसारखा हसला आणि म्हणाला, 'पाक चिक, चौथं पत्र लिहायचं. या वेळी कडक लिहा.' मी पेटी बंद केली आणि त्याला झाडाच्या मागे घेऊन गेलो.

आधी माझं सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या हाताकडे बघत राहिला. म्हणाला, 'लांब वाटलं होतं मला ते.' मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग तुझं सांगितलं, तू सांगितलं होतंस तसं, गाळलं काही नाही. मुदत सोळा ऑगस्टला संपली हेही सांगितलं. परत घेण्याची वेळ गेली. पण नव्याने निकाह करायला अजून कोणाची आडकाठी नाही, तू मोकळी असलीस तर. तो गेला. संध्याकाळच्या नमाजानंतर परत येऊन समोर बसला आणि पत्र सांगू लागला. चार कागद झाले. तुझ्या कागदाबद्दल तो काय म्हणाला, ते त्याच्या पत्रात आहे. ते त्याचं आहे, मी माझ्या पत्रात घालत नाही. एवढंच सांगतो, की लिहिताना मला दोनदा चष्मा पुसावा लागला, आणि त्याने घाई केली नाही.

पाकिटाची वेळ आली तेव्हा मी विचारलं, 'कुठे पाठवायचं?' तो म्हणाला, 'व्हिक्टोरिया.' मी म्हणालो, 'कुठली?' तेव्हा त्याने सगळं सांगितलं. धक्का, फलक, सागोच्या गिरणीची वाट, तुझ्या दारातलं लिंबाचं झाड. मी ऐकून घेतलं. हे मला दीड वर्षापूर्वी ऐकायला मिळत होतं.

पत्ता त्याने बोटाने चाचपला. मी एकेक शब्द त्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो उत्तराची वाट बघत इथेच थांबला आहे, करार मोडून बोट सोडली. सकाळी टेबल मांडायला मला मदत करतो.

त्याचं पत्र आत आहे, बंद. माझं वर.

यूनुस


व्हिक्टोरिया, लाबुआन
१५ सप्टेंबर १९३५

पाक चिक,

सोळा ऑगस्टला मी धक्क्यावर गेले होते. त्या दिवशी बोट आली, तिच्यातून तांदूळ आणि घासलेट उतरले. दामितने हाजी तमीनना शब्द दिलेला होता. बावीस तारखेला, गुरुवारी, निकाहाचे वकील आणि साक्षीदार माझी संमती विचारायला आले तेव्हा मी हो म्हटले. कोणी माझा हात धरून म्हणवून घेतले नाही. शंभर दिवस कोणी आले नाही याचा अर्थ मेतुसिनना माझे सगळे कळले आणि ते बोलले नाहीत, असा मी लावला. मला तो योग्य वाटला. तुमच्या चिठ्ठ्या पोचल्याच नसतील हे माझ्या मनात आले नाही. पत्र चुकू शकते हे माझ्याइतके कोणाला माहीत होते, तरी आले नाही.

हाजी तमीन माणूस चांगला आहे. कमी बोलतात. सागोचे पीठ पांढरे होईपर्यंत धुतात, हातही.

तुमचे पत्र वाचले. आतले पाकीट मी उघडले नाही. ते ज्या बाईला लिहिले आहे तिला ते वाचायचा हक्क होता, आता ती इथे राहत नाही. मी ते खिडकीच्या उजेडात धरले नाही. दोन्ही हातांत धरले, एवढेच. चार कागद आहेत असे तुम्ही लिहिले नसते तरी मला कळले असते. मग हाजींना सांगितले. ते म्हणाले, 'तुला वाचायचं असेल तर वाच.' त्यांनी असे म्हटल्यावर तर वाचता येईना.

ते परत पाठवते आहे. पहिली तीन पाठवत नाही. ती आईच्या पेटीत आहेत, ती लिहिली तेव्हा मी त्यांची बायको होते.

ते सकाळी तुमचे टेबल मांडायला मदत करतात असे तुम्ही लिहिलेत. त्यांना आता बोटीवर जायला सांगा. कागदाबद्दल ते काय म्हणाले ते तुम्ही मला कधीही कळवू नका, मी कधी विचारले तरी.

पाकिटावरचा पत्ता मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला. अक्षरे मोठी आणि स्वच्छ आहेत. व्हिक्टोरिया, आणि त्यापुढे लाबुआन. त्यांना सांगा, या वेळी पत्र बरोबर जागी आले होते.

सल्बिया